आसेगावची पिवळी गोबी

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार. थंडी ओसरली. समीक्षाने पोह्यांत मीठ घातलं नाही. विचारल्यावर म्हणाली, घातलं होतं. जिजाबाई आणि नथ्थू मळ्यातली फुलगोबी घेऊन आले. पुन्हा पिवळी. दोघांना स्पष्ट सांगितलं की पाडव्यापासून मळा भाऊसिंगला बटईने देणार. जिजाबाई एवढंच म्हणाली, बांधावरच्या शेवग्याला पाणी देत जा म्हणा. यंदाच्या डायरीचा कागदही पिवळा निघाला आहे. दुकानदाराला विचारायचं.

एवढं लिहून वैजयंतीबाईंनी पेनाला टोपण लावलं. शेवटची ओळ तिच्या वरच्या ओळीच्या डोक्यावर चढून बसली होती, पण ते त्यांना दिसलं नाही. दिसलं असतं तर त्यांनी पेनाला दोष दिला असता.

आसेगावात नुसतं 'बाई' म्हटलं तरी माणूस त्यांच्याच दारात आणून सोडतात. गावच्या हायस्कुलात त्यांनी उभा जन्म विज्ञान शिकवलं. माहेर अमरावतीचं आणि शिक्षण तिथल्याच नन्सच्या शाळेत, बोर्डिंगात राहून. त्या शाळेने त्यांना दोन गोष्टी दिल्या. एक, रोज डायरी लिहायची सवय. ती लग्नाच्या दिवशी सुटली नाही, बाळंतपणात सुटली नाही आणि यजमान गेले त्या दिवशीही दोन ओळी पडल्याच. दुसरी, पांढऱ्या रंगाची पारख. सिस्टर बेनेडिक्टा दर सोमवारी मुलींना ओळीत उभं करून प्रत्येकीच्या मोज्यांशेजारी खडू धरायच्या. मोजा खडूहून मळका दिसला की मुलगी ओळीबाहेर. वैजयंती एकदाही ओळीबाहेर गेली नाही. तेव्हापासून त्यांचं पक्कं मत होतं की पांढरं कशाला म्हणायचं हे वाशिम जिल्ह्यात एकट्या त्यांना ठाऊक आहे. आणि हे मत त्यांनी कुणापासून लपवलंही नव्हतं.

नाल्याकाठचा मळा यजमान होते तेव्हापासून जिजाबाई आणि तिचा नवरा नथ्थू यांच्याकडे बटईने होता. पीक निम्मं त्यांचं, निम्मं बाईंचं. पद्धत अशी होती की मळ्यातला माल आधी बाईंच्या ओसरीवर यायचा. बाई खुर्चीत बसायच्या, एकेक नग हातात घ्यायच्या आणि निवड करायच्या. उजवीकडचा ढीग मंगरूळपीरच्या बाजाराला, डावीकडचा गावात पडेल त्या भावाने, नाहीतर म्हशीपुढे. यजमान हे काम डुलक्या घेत करत. बाई परीक्षेच्या पेपरासारखं करायच्या.

फुलगोबीचं एक असतं. गड्डा धरायला लागला की त्याला ऊन लागू द्यायचं नाही, ऊन लागलं की तो पिवळा पडतो. म्हणून बाहेरची मोठी पानं ओढून गड्ड्यावर सुतळीने बांधून टाकायची. जिजाबाईचा यात हात बसलेला. तिने बांधलेल्या वाफ्याकडे पाहिलं की शाळेत जायला निघालेल्या पोरींची रांग वाटे, सगळ्यांच्या वेण्या घट्ट.

पण त्या हंगामात पहिल्या तोड्यापासून बाईंनी गोबी पिवळी ठरवली. जिजाबाईने पानं दुहेरी बांधली. पुढच्या तोड्याला ओली पोती टाकली. कृषी केंद्रवाल्याला विचारून कसलासा फवाराही मारला. तरी डावीकडचा ढीग मोठाच. तिला स्वतःला गोबी पांढरी दिसायची. पण बाई शिकलेल्या आणि त्यातून विज्ञानाच्या, त्या म्हणतात म्हणजे काहीतरी असेल, असं म्हणून ती स्वतःचेच डोळे पदराने पुसायची.

नथ्थूचा असा काही विश्वास नव्हता. त्या सोमवारी त्याने पोतं ओतलं आणि बाई पहिला गड्डा डोळ्यांजवळ नेतात, लांब नेतात, पुन्हा जवळ आणतात हे कमरेवर हात ठेवून पाहत राहिला.

"पिवळा," बाई म्हणाल्या आणि गड्डा डावीकडे गेला.

"बाई, पांढरीफट्ट हाये ते. मले तं पांढरीच दिसून राह्यली."

"नथ्थू, तू दहावीला विज्ञानात नापास झाला होतास."

"झालो होतो. आता गोबी पाहाले पास व्हा लागते काय?"

"तू चूप बस," जिजाबाई त्याला म्हणाली. मग बाईंना म्हणाली, "बाई, पानं तं मी सोता बांधली. एक गड्डा उघडा नाई ठेवला. मंग ऊन लागलं कुठून?"

"ते मला काय विचारतेस? कारण शोधायचं काम तुझं. मी फक्त निरीक्षण सांगते."

हे 'निरीक्षण' त्यांच्या खास आवडीचं होतं. वर्गात त्या फळ्यावर लिहायच्या: आधी निरीक्षण, मग अनुमान. या खेपेला अनुमानही त्यांनीच काढून टाकलं होतं, की जिजाबाईचं आता वय झालं, लक्ष राहत नाही, मळा दुसऱ्या हाती गेलेला बरा. जिजाबाई त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान होती. पण बाईंनी स्वतःला त्या हिशेबात कधी धरलंच नव्हतं.

भाऊसिंग नावाचा शेजारचा शेतकरी बरेच दिवस मळ्यावर नजर ठेवून होता. त्याला बाईंनी शब्द दिला. जिजाबाईला तो मळा सोडायचा म्हणजे मागच्या साली बांधावर लावलेला शेवगाही सोडायचा होता, आणि शेवग्याला शेंग आता कुठे लागणार होती. ज्याच्या हातून मळा जातो त्याचं झाड बांधासोबतच जातं. हे तिला माहीत होतं आणि बाईंनाही. पण बाईंना वाटत होतं की आपण भावनेच्या नव्हे, तर निरीक्षणाच्या बाजूने आहोत.

खरं तर त्या वर्षी बाईंना सगळंच पिवळं दिसत होतं. दूध पिवळं, तर म्हणायच्या गवळी गाईचं सांगून म्हशीचं देतो, आणि म्हशीचंच असतं तर उलट पांढरं दिसलं असतं हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. घराला नवा चुना दिला तर म्हणाल्या, चुन्यात माती मिसळतात हल्ली. स्वतःच्या पांढऱ्या सुती साड्या धुऊन पिवळट दिसतात म्हणून बादलीत निळीचे दोन थेंब जास्त टाकायच्या. मग चार. मग झाकणभर. एवढ्या सगळ्या वस्तूंनी एकाच वर्षी एकत्र ठरवून पिवळं पडायचं काय कारण, असा प्रश्न एखाद्या आठवीतल्या मुलाने विचारला असता तर बाईंनी त्याला शाबासकी दिली असती. त्यांना स्वतःला तो पडला नाही. काळ खराब आलाय, एवढंच त्यांचं अनुमान होतं.

कागदाच्या निमित्ताने मात्र प्रकरण फुटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेला हाक मारली. समीक्षा अकोल्याची, बोलायला कमी आणि बघायला तेज.

"हा कागद बघ. हा पांढरा आहे का?"

समीक्षाने डायरी हातात घेतली. "कागदाचं राहू द्या, आई. ही ओळ त्या ओळीच्या वर बसलीय. आणि इथे तर 'दुकानदार' 'शेवग्या'च्या पोटात शिरलाय."

"मग रेघा वाकड्या छापल्या असतील."

"रेघा सरळ आहेत, आई."

बाईंनी डायरी तिच्या हातातून घेतली. अक्षर ही त्यांची दुखरी जागा होती. सिस्टर बेनेडिक्टांनी पट्टी ठेवून तपासलेलं ते अक्षर होतं. डोळे तपासायला त्या कागदासाठी गेल्या नाहीत, गोबीसाठी तर नाहीच नाही. गेल्या त्या ओळीसाठी.

अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. त्यांनी यंत्राच्या फटीतून दोन्ही डोळ्यांत उजेड टाकून पाहिला आणि म्हणाले, "आजी, दोन्हींत मोतीबिंदू आहे. आतला गाभा चांगलाच तपकिरी झालाय. आधी उजवा करू. म्हणजे कसं, डोळ्यात एक भिंग असतं—"

"ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या.

आणि बाहेरच्या बाकावर नंबर लागायची वाट बघत बसलेल्या लोकांवर त्यांनी तो तास घेतला. नर्सने आणून दिला असता तर त्यांनी फळाही वापरला असता. शेजारी भागिरथा नावाची म्हातारी होती, तिला त्यांनी विचारलं, "भिंग कधी तयार होतं, ठाऊक आहे?"

"पोट्टं जन्मते तवा असंन," भागिरथा म्हणाली.

"त्याच्याही फार आधी. आईच्या पोटात पहिला महिना संपता संपता. डोळ्याची जागा असते तिथली वरची कातडी जाड होते, आत दबते, आणि तिचा एक बुडबुडा तुटून आत जातो. म्हणजे बघा, भिंग हे मुळात कातडीच. त्या बुडबुड्याच्या मागच्या भिंतीतल्या पेशी लांब लांब होत पुढे येतात आणि बुडबुडा भरून टाकतात. तो झाला गाभा. मग त्याच्याभोवती एकावर एक थर चढत जातात, कांद्यासारखे. आयुष्यभर."

"आयुष्यभर वाढतेच ते?" पलीकडचा एक माणूस म्हणाला. "मंग डोळा फुटत नाई?"

"फुटत नाही. नवे थर बाहेरून येतात, जुने आत दाबले जातात. त्यातलं काहीही बाहेर टाकलं जात नाही. आपली कातडी झडते, केस झडतात. भिंग मात्र सगळं सांभाळून ठेवतं. तुमच्या भिंगाचा मधला भाग तुमच्या जन्मापेक्षा जुना आहे."

हे शेवटचं वाक्य त्यांचं ठेवणीतलं होतं. वर्गात ते म्हटलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करायची. बाकावरच्या माणसांनीही केली.

"आणि ते काचेसारखं राहतं कसं? त्यात रक्ताची एक नळी नाही. आईच्या पोटात असताना नळ्यांचं जाळं असतं, जन्माआधी ते विरून जातं. पुढे आजूबाजूच्या पाण्यावरच ते जगतं. आणि पेशी काय करतात, तर आपल्या पोटातला सगळा पसारा मोडून टाकतात, केंद्रसुद्धा. उजेडाच्या वाटेत काही आडवं नको म्हणून. मागे राहतात ती प्रथिनं, दाटीवाटीने पण शिस्तीत, प्रार्थनेला मुली उभ्या राहतात तशी. तोवर उजेड सरळ जातो. पण पसारा मोडला म्हणजे दुरुस्तीची सोयही गेली. तीच प्रथिनं जन्मभर पुरवायची. म्हातारपणी ती एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात, उजेड विखुरतो, धूसर दिसतं. आणि गाभा पिवळा पडत जातो. पिवळं भिंग निळा रंग अडवतं. म्हणून अशा माणसाला सगळ्यावर पिवळी झाक दिसते."

समीक्षा हातात चष्म्याचं घर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "आई, मग गोबी?"

"गोबीचा इथे काय संबंध?" बाई म्हणाल्या. "मी भिंगाबद्दल बोलते आहे."

समीक्षाने आपला नंबर आला का ते पाहिलं.

ऑपरेशनची बाईंना भीती वाटत होती, पण भीती वाटते असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्याऐवजी त्यांनी दवाखान्यातल्या पडद्याच्या शिवणीत दोष काढला. ऑपरेशन मात्र वेदनेशिवाय झालं. संपल्यावर त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "ते काढलेलं भिंग मला बघायला मिळेल का?"

"आजी, ते आम्ही आतल्या आत फोडतो आणि बारीक नळीने ओढून घेतो. दाखवायला काही उरत नाही. त्याचं बाहेरचं पातळ आवरण तेवढं जागेवर ठेवतो, त्यात नवीन भिंग बसवलंय."

बाईंना वाईट वाटलं. त्यांच्याजवळ असलेली सगळ्यांत जुनी वस्तू ती, आईच्या पोटात तयार झालेली. तिला बघायचं सोडा, कसली नळी आणि कसली बादली. त्या रात्री पट्टी बांधलेल्या डोळ्याने पडल्या पडल्या त्यांना वाटलं, भिंगाची आणि आपली सवय एकच. काही टाकायचं नाही, थरावर थर ठेवत जायचं, आणि वर म्हणायचं की मला सगळं लख्ख दिसतं.

सकाळी नर्सने पट्टी काढली. समीक्षा समोर उभी होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ही निळी साडी कधी घेतलीस?"

"तुम्हीच दिली, आई. दिवाळीला. करडी म्हणून."

बाईंनी मान खाली घालून स्वतःकडे पाहिलं. अंगावरची साडी आकाशी होती. आकाशी म्हणजे सुरेख, स्वच्छ आकाशी.

"ही कुणाची नेसवलीस मला?"

"तुमचीच आहे. मागच्या वर्षापर्यंत पांढरी होती."

"मग बोलली का नाहीस?"

"आम्हाला वाटलं तुम्हाला आवडतोय तो रंग. भजनी मंडळात तर दोघीतिघींनी तशी नीळ टाकायला सुरुवात केली, बाईंची फॅशन म्हणून."

परतीच्या वाटेवर बार्शीटाकळी गेली, मंगरूळपीर गेलं. काळा चष्मा वर करून बाई एकदा डावा डोळा झाकायच्या, एकदा उजवा. हातात डायरी होती. नव्या डोळ्याने कागद पांढरा होता. जुन्या डोळ्याने त्यावर कुणी चहा सांडून पुसल्यासारखा दिसायचा. उजवा, पांढरा. डावा, चहा. त्यांनी हा प्रयोग इतक्या वेळा केला की गाडीवाल्याने समीक्षाला हळूच विचारलं, आजीले चक्कर तं नाई येऊन राह्यली?

बाकावर बसून आपण काय शिकवून आलो ते आता त्यांना शब्द न शब्द आठवत होतं. पिवळं भिंग निळा रंग अडवतं. पूर्ण गुणांचं उत्तर. आणि उत्तर देणारी बाई नापास.

डॉक्टरांनी धुळीत जायला मनाई केली होती. बाईंनी ती जेमतेम आठवडाभर पाळली. नंतर एका सकाळी समीक्षा आंघोळीला गेलेली पाहून त्या काळा चष्मा लावून, डोक्यावरून पदर घेऊन नाल्याकाठच्या मळ्याकडे निघाल्या. गोबीचा शेवटचा तोडा चालू होता. नथ्थू वाकून विळ्याने गड्डे कापत होता.

बाई वाफ्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. चष्मा काढला. एक गड्डा बघून त्यांनी उजवा डोळा मिटला. मग डावा. मग पुन्हा उजवा. गड्डा पिवळा झाला, पांढरा झाला, पिवळा झाला. खात्री म्हणून त्यांनी पुढचा गड्डा घेतला, आणि त्याच्या पुढचा, आणि त्या रांगेत ज्या ठिकाणी चौथा गड्डा असायला हवा होता तिथे नथ्थूचं तोंड होतं.

नथ्थू ताठ उभा राहिला. विळा त्याच्या हातातच राहिला. मग तो मागे न बघता जिजाबाई होती त्या विहिरीकडे गेला.

"जिजे," तो खालच्या आवाजात म्हणाला, पण मोकळ्या रानात खालचा आवाजही ऐकू येतो, "बाई आल्या. मले डोया मारून राह्यल्या."

"काय बोलून राह्यला तू सकायी सकायी."

"तुई आन. एकदा नाई, तीनदा. आधी या डोयानं, मंग त्या डोयानं. मी शाळेत होतो तवा माह्याकडे धड पाह्यलं नाई त्यायनं."

जिजाबाई पदराला हात पुसत आली. बाईंचा एक डोळा तेव्हाही मिटलेलाच होता.

"बाई, काही गेलं काय डोयात? तुमाले तं बाहेर निंगाले मना हाये ना?"

"जिजाबाई, ही गोबी पांढरी आहे."

"हाव."

"मागच्या तोड्याचीही पांढरी होती का?"

"मी तं तेच सांगून राह्यली होती."

"आणि त्याच्या आधीची?"

"साऱ्याच पांढऱ्या होत्या, बाई. पिवळं काही नव्हतं."

"पिवळं होतं," बाई म्हणाल्या. "ते माझ्या डोळ्यात होतं. आत भिंग असतं, ते जुनं झालं की पिवळं पडतं. आता एक काढलं. या डोळ्याने पांढरं दिसतं. त्या डोळ्याने अजून तसंच."

जिजाबाईने हे ऐकून घेतलं. बाईंना वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या बाई. ती तसं म्हणाली नाही. खाली बसून तिने एका गड्ड्यावरची सुतळी सोडली आणि बोटाला गुंडाळत राहिली.

"म्हंजे मी पुरा हंगाम दोन दोनदा पानं बांधली ते कायले?"

तिने दुसऱ्या गड्ड्याची सुतळी ओढली.

"फवारा कायले मारला? पोती भिजवून भिजवून माह्ये हात फुटले. अन मले वाटे का माह्येच डोये गेले. मी याले म्हनो, मले वाशिमले ने, डोये दाखवतो. खरं का खोटं?"

"खरं हाये," नथ्थू म्हणाला. तो अजून जरा लांबच उभा होता.

"मंग मळ्याचं काय?" जिजाबाईने विचारलं. "तो भाऊसिंग परवा बांध मोजून गेला. शेवग्याखाली उभा राहून मले म्हने, याच्या फांद्या छाटा लागते."

"मी भाऊसिंगशी बोलते," बाई म्हणाल्या.

"बोलान. पन एक आयकून घ्या. मळा माह्याकडे राह्यला, तं गोबी म्या निवडीन, इथीच. तुमाले निवडाचीच असंन तं तो दुसरा डोया होईस्तोर झाकून निवडा."

आयुष्यात प्रथमच बाईंच्या निरीक्षणाला कुणी अट घातली होती. त्यांनी ती मान्य केली.

भाऊसिंगकडे त्या त्याच दुपारी गेल्या. भाऊसिंगने खाट टाकली, चहा सांगितला आणि सगळं नीट ऐकून घेतलं. तो काही वाईट माणूस नव्हता. अडचण एवढीच की त्याने पुढचं सगळं ठरवून टाकलं होतं.

"बाई, तुमी म्हनलं गोबी पिवळी, म्हून मळा मले. आता एक डोया नवा झाला तं गोबी पांढरी. उद्या दुसरा डोया नवा झाला का काय म्हनान? गोबी हायेच नाई?"

"दुसऱ्या डोळ्याने काही बदलणार नाही, भाऊसिंग. मळा जिजाबाईकडेच राहील. शब्द मी दिला होता आणि मीच परत घेते आहे. चूक माझी."

"तुमची चूक, पन तोंड माह्यं. धनजले सासरवाडीत सांगून बसलो मी का बाईनं बोलावून मळा देल्ला. चक्कीवर सांगितलं. आता लोक म्हनतीन, भाऊसिंगमधीच काही खोट असंन म्हून बाईनं हाती नाई देल्ला."

"मग मी काय करू?"

"काही नाई. माह्याकडून तुमाले मळा वापस. फक्त जे मले आता सांगितलं ते चक्कीवर सांगा. तुमच्या तोंडानं. माह्या तोंडून कोनी आयकनार नाई."

गोविंदसिंगची पिठाची चक्की म्हणजे आसेगावचं वर्तमानपत्र. दळणाला बाया, आणि सावलीला पुरुष. तिथे सांगायचं म्हणजे सगळ्या गावाला सांगायचं. बाईंनी रात्रभर विचार केला आणि त्यांना एक युक्ती सुचली, जिचा त्यांना थोडा अभिमानही वाटला. चक्की चालू असताना तिथे शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. पट्टा फिरत असताना सांगून टाकायचं. सांगितल्यासारखंही होईल, आणि कुणाला फारसं ऐकूही जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ज्वारीचा डबा घेऊन त्या चक्कीवर गेल्या. आत गोविंदसिंग, भाऊसिंग ठरल्याप्रमाणे पायरीवर, भिंतीला टेकून सहासात बाया, त्यांत कडेला जिजाबाई. चक्की धडधडत होती, जमीन हलत होती. बाईंनी घसा साफ केला, शाळेत प्रार्थनेनंतर सूचना द्यायच्या तसा, आणि सगळ्या ताकदीने सुरुवात केली.

"मला एक सांगायचं आहे. जिजाबाईच्या मळ्यातली गोबी—"

वीज गेली. पट्टा दोन गिरक्या घेऊन थांबला. आणि बाईंचा आवाज, जो चक्कीच्या वर चढवलेला होता, तो आता एकटाच शिल्लक राहिला.

"—पांढरी होती," असं वाक्य पार रस्त्यापलीकडच्या टपरीपर्यंत गेलं. टपरीवरची माणसं उठून उभी राहिली.

आता अर्ध्यावर सोडता येत नव्हतं. बाईंनी आवाज उतरवला, पण शांतता इतकी होती की उतरवलेला आवाजही पुरेसा होता. "गोबी पांढरी होती. माझ्या डोळ्यातलं भिंग पिवळं होतं. मी मळा भाऊसिंगला देते म्हटलं होतं, ते चुकून. भाऊसिंगमध्ये काही खोट नाही. जिजाबाईमध्येही नाही. मळा तिच्याकडेच राहणार आहे."

मग गोविंदसिंगने चक्कीच्या तोंडातून हात काढला आणि पिठाने पांढरा झालेला तो हात झटकत विचारलं, "बाई, मंग माही नववीची वहीही तुमाले पिवळीच दिसली होती काय? मले शंभरातून अठ्ठावीस देल्ले होते तुमी."

"तुझी वही मी चांगल्या डोळ्यांनी तपासली होती, गोविंदसिंग."

तेव्हा हसायला सुरुवात झाली. आधी बाया हसल्या, मग पायरीवरचे पुरुष. भाऊसिंगही हसला, आणि तो हसतो आहे हे सगळ्यांना दिसेल अशा बेताने हसला. एका म्हातारीने बाईंच्या साडीचा पदर चिमटीत धरून विचारलं, "मंग हे निळीचं काय? आमीही टाकाले लागलो ना." बाई म्हणाल्या, "तेही भिंगच. बंद करा." आणि मग त्यांनाही हसू आवरेना. नव्या डोळ्यातून पाणी आलं, डॉक्टरांनी चोळायचं नाही म्हणून सांगितलेलं, त्यामुळे ते तसंच गालावरून वाहू द्यावं लागलं.

वीज काही लवकर येईना. बाई डबा ठेवून घरी निघाल्या. जिजाबाईने आपल्या पाटीशेजारी त्यांचा डबा ओढून घेतला आणि दुसरीकडे बघत म्हणाली, "तुमचं दळन मी आनून देतो. उनात उभ्या राहू नका."

सांजेला ती डबा घेऊन आली. ओसरीवर ठेवला, पाणी मागितलं, प्यायली आणि वीज कधी आली, रांगेत पुढे कोण घुसलं ते सांगून निघून गेली. मळ्याचं कुणीच बोललं नाही. ते दुपारीच झालं होतं.

रात्री जेवणाआधी बाईंनी डायरी उघडली. डावा डोळा झाकून, उजव्याने, रेघेवर रेघ ठेवून त्यांनी दिवसभराचं लिहिलं. भाऊसिंगचं लिहिलं, चक्कीचं लिहिलं, आपण किती मोठ्याने बोललो तेही लिहिलं. मग उठून स्वयंपाकघरात जाऊन डबा पाहून आल्या आणि खाली आणखी एक ओळ घातली.

ज्वारीचं दळण आलं. पीठ अजून गरम आहे, म्हणून डब्याचं झाकण उघडं ठेवलं आहे.